बारशाचे साठ डबे आणि पाझरणारं कॅरमेल

मी फोंड्याला घरूनच चॉकलेट, केक, दिवाळीचे फराळाचे डबे अशा ऑर्डरी घेते, आठ वर्षं झाली. बहुतेक कामं सरळ होतात. हे एक प्रकरण मात्र सरळ झालं नाही आणि त्यात मी जेवढं शिकले तेवढं आधीच्या आठ वर्षांत शिकले नव्हते, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून काढतेय, आकड्यांसकट. पावसाळ्यात गोव्यात किंवा कोकणात कोणी कॅरमेल करायला घेणार असेल तर त्याला उपयोग होईल.

जुलैच्या शेवटी आमच्या वाड्यावरचा एक मुलगा घरी आला. बोटीवर कामाला असतो, २०१४ पासून, आणि मुलगी झाली म्हणून रजेवर आलेला. हातात मिल्क डड्सचा पिवळा डबा. म्हणाला, वहिनी, अमेरिकेच्या बंदरात बोट लागली की मी हा आणतोच, आमच्या घरात सगळ्यांना याचं वेड आहे, तर मुलीच्या बारशाला पेढे-बर्फीऐवजी हेच वाटायचंय, पण तुमच्या हातचं. साठ डबे, प्रत्येकात दहा. म्हणजे सहाशे नग. बारसं ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. आणि एक अट, गोळ्या छान गोल हव्यात, मोत्यासारख्या.

ज्यांनी खाल्लं नसेल त्यांच्यासाठी सांगते. मिल्क डड्स म्हणजे कॅरमेलचा चिवट तुकडा आणि त्यावर पातळ चॉकलेटी आवरण. आपल्या एक्लेअर्सच्या बरोबर उलट, कारण एक्लेअर्समध्ये कॅरमेल बाहेर आणि चॉकलेट आत असतं. चावायला लागलं की आधी वरचं आवरण मोडतं, मग दाताला ओढ लागते आणि मग शेवटपर्यंत दुधाची, किंचित खारट चव येत राहते. साधी गोष्ट वाटते, साखर, दूध, लोणी, वरून चॉकलेट. मी हो म्हणून मोकळी झाले.

पहिला घाणा असा होता: ४०० ग्रॅम साखर, ३०० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, कंडेन्स्ड मिल्कचा एक मोठा डबा, १२० ग्रॅम बटर, चमचाभर मीठ. लिक्विड ग्लुकोज नसेल तर साखर परत दाणेदार होते, कॅरमेल भुसभुशीत होतं, त्यामुळे ते लागतंच. जाड बुडाची कढई, मंद आच आणि सतत ढवळणं, कारण दूध बुडाला लगेच लागतं. रंग हळूहळू फिकट पिवळ्यावरून विटकरी होत जातो. हा रंग आणि वास नुसती साखर जळून येत नाही बरं का, दुधातलं प्रोटीन आणि साखर उष्णतेने एकमेकांवर काम करतात त्यातून येतो, म्हणून दूध कमी केलं की चव पण जाते. थर्मामीटरवर ११६ डिग्री सेल्सिअस आलं आणि मी गॅस बंद केला.

आई म्हणजे माझ्या सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी सवयीने स्टीलच्या वाटीत थंड पाणी घेतलं, त्यात चमच्याने थेंब सोडला, दोन बोटांनी उचलला आणि म्हणाल्या, पाक अजून कच्चो आसा गो, मातशें राव (थोडं थांब). त्या बोटांमधला थेंब मला अजून दिसतो. पाण्यात होता तोवर गोळी होती, बाहेर काढल्यावर तीन-चार सेकंदात बोटावर पसरला, काठाने लोंबायला लागला. आईंनी आयुष्यभर नाताळात शेजारणींबरोबर दोदोल (गोव्याची नारळ-गुळाची मिठाई) घोटलंय, तिळाचे लाडू केलेत, चिक्की केलीय, पाक त्यांच्या बोटांना कळतो. पण माझ्या हातात डिजिटल थर्मामीटर होतं आणि पुस्तकात चिवट कॅरमेलला ११६ ते १२० लिहिलेलं, मी म्हटलं आई, बरोबर आहे, हे मऊच असतं.

गोळ्या वळल्या, ताटात मांडल्या, जेवून आले तर त्यांच्या टिकल्या झालेल्या. दोन तासांत. आणि वरून इतक्या चिकट की बटर पेपर उचलला की कॅरमेलची तार सोबत येत होती. त्या दिवशी स्वयंपाकघरात हवेतला दमटपणा मोजायचं छोटं मीटर ८८ टक्के दाखवत होतं, बाहेर दोन दिवस न थांबता पाऊस. तरी मी तशाच हाताने परत गोल करून त्यांना चॉकलेटात बुडवलं, चांगलं महागातलं मिल्क चॉकलेट, व्यवस्थित टेम्पर केलेलं, म्हणजे चमक आणि कडकपणा यावा म्हणून ४५ पर्यंत वितळवून, २७ ला आणून, परत २९ वर. खोलीत २९ डिग्री असल्यामुळे ते सेटच होईना. मग फ्रिजमध्ये ठेवलं. तासाभराने काढलं तर मस्त चमकत होतं, एक डबा भरला आणि नमुना म्हणून त्या मुलाच्या आईकडे, म्हणजे काकींकडे, पाठवला.

तिसऱ्या दिवशी काकींचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. चॉकलेटावर राखाडी खरखरीत डाग, आणि दहातल्या सहा गोळ्यांच्या बुडातून कॅरमेल बाहेर येऊन डब्याला चिकटलेलं. काकी फार गोड माणूस, फक्त एवढंच लिहिलं होतं, बाय, हे असंच असतं काय?

मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी उरलेल्या गोळ्या समोर घेऊन बसले आणि ठरवलं की परत करायला घेण्याआधी नेमकं काय चुकलं ते एकेक करून शोधायचं. सगळं एकदम बदललं असतं तर कशामुळे सुधारलं ते कळलंच नसतं.

सगळ्यात आधी थर्मामीटर. पाणी खळखळ उकळवलं आणि त्यात सळी बुडवली. आपण समुद्रसपाटीच्या जवळ राहतो, फोंडा काय डोंगरावर नाही, इथे पाणी १०० ला उकळतं. थर्मामीटर दाखवत होतं १०३. तीनदा करून बघितलं, तेच. म्हणजे मी ज्याला ११६ समजत होते ते खरं ११३ होतं. आईंची बोटं बरोबर होती आणि मशीन चुकीचं होतं. मी उठून बाहेर जाऊन आईंना तसं सांगितलं, आणि मार्कर घेऊन थर्मामीटरवर मोठ्या अक्षरात ‘३ वजा’ लिहून ठेवलं.

तीन डिग्रीने काय एवढं होतं, असं मलाही आधी वाटायचं. पण पाकाचं गणित असं आहे की त्याचं तापमान म्हणजे त्यात पाणी किती उरलंय याचं मोजमाप. ११२ ते ११६ म्हणजे मऊ गोळी, त्यात साखर साधारण ८५ टक्के. ११८ ते १२० म्हणजे घट्ट गोळी, ८७ टक्के. त्याच्यापुढे १२१ ते १३० कडक गोळी, ९२ टक्क्यांपर्यंत. दोन टक्के पाणी जास्त राहिलं तर कॅरमेल उभं राहत नाही, स्वतःच्याच वजनाने बसतं. टिकल्या त्याने झाल्या होत्या.

दुसरी गोष्ट हवा. साखर पाणी ओढते, लिक्विड ग्लुकोजही ओढतं. कॅरमेल ८८ टक्के दमटपणात उघडं ठेवलं म्हणजे ते हवेतून पाणी पीत बसतं, वरचा थर पातळ होत जातो, तीच ती चिकचिक. आणि आतून आधीच कच्चं असेल तर मग विचारूच नका.

तिसरी चूक फ्रिज, आणि ही मी कित्येक वर्षं करत आले असणार, मोठ्या चॉकलेटांमध्ये लक्षात आली नव्हती एवढंच. बाहेर २८ डिग्री आणि ८५-९० टक्के दमटपणा असेल तर २५-२६ डिग्रीपेक्षा थंड कुठलीही वस्तू बाहेर काढली की तिच्यावर पाणी जमतं, थंड पाण्याच्या बाटलीवर जमतं तसंच. चॉकलेटावर ते दव बसलं की वरची साखर विरघळते, पाणी उडून जातं आणि साखर परत खडे होऊन बसते. तोच राखाडी खरखरीत डाग. बोट फिरवलं की खरखर लागतं, यावरून तो साखरेचा डाग हे कळतं, स्निग्धांशाचा डाग असेल तर बोटाला गुळगुळीत लागतो आणि चोळला की विरतो.

गळतीचं कारण शोधायला वेळ लागला. सुरीने चार गोळ्या आडव्या कापल्या. बुडाला चॉकलेटचा थर कागदासारखा पातळ होता, कारण काट्यावरून गोळी ठेवताना खालचं चॉकलेट निथळून जातं. शिवाय गोळ्या वळताना मी तळहाताला बटर लावलं होतं, त्या तुपकट पृष्ठभागावर चॉकलेट नीट धरत नाही, बारीक भोकं राहतात. टाचणीच्या टोकाएवढं भोक पुरतं. आतलं मऊ कॅरमेल दबावाने तिथून वाट काढतं.

मग दुसरा घाणा. या वेळी खरं ११८, म्हणजे थर्मामीटरवर १२१, आणि सोबत ४० ग्रॅम दूध पावडर थोड्या पाण्यात कालवून सुरुवातीलाच घातली, कारण दुधाचं प्रोटीन कॅरमेलला अंग देतं. बरं झालं, पण सकाळपर्यंत थोडं बसलंच. तिसरा खरं १२०. आईंनी वाटीतून गोळी काढली, चिमटीत धरली, ती दबली पण पसरली नाही, सोडल्यावर किंचित परत फुगली. आई म्हणाल्या आता जाले. ताटलीवर टाकल्यावर टण्ण आवाज आला नाही हे पण बघितलं, तो आवाज चिक्कीच्या पाकाचा, तिथपर्यंत गेलो तर दात जातील. तेव्हापासून माझी पद्धत ही आहे की थर्मामीटर आणि वाटी दोन्ही, आणि दोघांचं जुळलं नाही तर गॅस बारीक करून परत बघायचं.

हवेसाठी बेडरूम घेतली. दहा बाय दहाची खोली, एसी आहे, खिडक्यांच्या फटींना टेप लावला, ओले कपडे, कुंडी, पाण्याची भांडी सगळं बाहेर काढलं. २४ वर एसी लावून दोन तासांनी दमटपणाचं मीटर ५४ टक्क्यांवर आलं. स्वयंपाकघरातून तापलेलं कॅरमेल झाकून थेट तिथे न्यायचं, तिथेच थंड करायचं, तिथेच कापायचं. मुलांना दोन रात्री हॉलमध्ये झोपवलं. एका रात्री लाइट गेली ती दोन तास आलीच नाही, इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, तेव्हा दार अजिबात उघडलं नाही आणि सगळे तुकडे हवाबंद डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत भरून टाकले. पावसाळ्यात इथे लाइट जाणार हे धरूनच चालायला हवं, म्हणून आता मी हवाबंद डबे आधी मांडून ठेवते आणि मगच गॅस पेटवते.

आता गोलपणा. हाताने वळलेली गोळी कितीही नीट केली तरी एका बाजूला टेकते आणि तिथे चपटी होते. मी त्या मुलाला बोलावलं आणि त्याचाच पिवळा डबा ताटात ओतायला सांगितला. एकही गोळी गोल नव्हती. कोणी लांबट, कोणी दबलेली, कोणाला खळगा. मग त्याला या मिठाईची गोष्ट सांगितली, जी मी त्या आठवड्यात वाचली होती. १९२० च्या दशकात शिकागोत एफ. हॉफमन नावाच्या कंपनीला चॉकलेटात गुंडाळलेल्या अगदी गोल गोळ्या करायच्या होत्या. त्यांच्या मशीनवर ते जमेना, माल वेडावाकडाच निघायचा. फसलेल्या वस्तूला इंग्रजीत डड म्हणतात, आणि आत दूध भरपूर, म्हणून नावच मिल्क डड्स पडलं. १९२८ मध्ये मिल्टन हॉलोवे यांनी तो धंदा हातात घेतला, पुढे तो बऱ्याच हातांतून फिरत १९९६ मध्ये हर्शी या मोठ्या अमेरिकन चॉकलेट कंपनीकडे आला, पण आकार तोच राहिला. तो मुलगा डब्याकडे बघत बसला, दहा वर्षं खातोय पण हे कधी बघितलंच नव्हतं म्हणाला. गोल हव्यात ही अट त्याने तिथेच सोडली. मग मी वळायचंच बंद केलं, थंड झालेल्या कॅरमेलच्या लादीच्या पट्ट्या कापून लहान उशीसारखे पाच-पाच ग्रॅमचे तुकडे केले. हाताला बटर नाही, हातमोजे, आणि चिमूटभर कॉर्नफ्लॉवर लावून ब्रशने झटकलेलं.

सगळ्यात कठीण निर्णय वरच्या आवरणाचा होता, त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथे माझं मन दोन्ही बाजूंना ओढत होतं. खऱ्या चॉकलेटात कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांमधलं स्निग्ध द्रव्य, असतं, नीट टेम्पर केलेलं असेल तर ते ३३-३४ ला वितळतं, म्हणून तोंडात ते असं विरघळतं की दुसरं काहीच तसं विरघळत नाही. पण २८ च्या वर ते मऊ पडायला लागतं, मिल्क चॉकलेट तर लवकर. बारशाचा हॉल, ऑगस्ट, शंभर माणसं, पंखे, डबे टेबलावर तीन तास. बाजारात मिळणाऱ्या कंपाऊंड चॉकलेटमध्ये कोको बटरच्या जागी पाम कर्नेलसारखं वनस्पती तेल असतं, टेम्पर करावं लागत नाही, उष्णता जास्त सोसतं, पण जिभेवर शेवटी मेणासारखा पातळ थर राहतो. मला तो आवडत नाही, मी घरी कंपाऊंड खात नाही.

मी मधला मार्ग म्हणून दोन्ही एकत्र वितळवले, ७० टक्के कंपाऊंड, ३० टक्के खरं. कृपा करून कोणी हे करू नका. ही दोन स्निग्ध द्रव्यं एकमेकांशी पटत नाहीत, मिश्रण दोघांपेक्षा मऊ होतं. माझे नमुने पाच दिवसांत बोटाने दबत होते आणि वर धुरकट झाले, आणि या वेळचा डाग गुळगुळीत होता, म्हणजे स्निग्धांशाचा. दोन्ही वस्तू वाया.

मग त्या मुलाला आणि काकींना बोलावून डोळे मिटून दोन गोळ्या खायला दिल्या, एक खऱ्या चॉकलेटची, एक नुसत्या कंपाऊंडची. काकींना खरी आवडली. मुलाने दुसरी तोंडात टाकल्याबरोबर म्हटलं, वहिनी, हीच ती, बोटीवरची. मला आधी पटलं नाही. नंतर लक्षात आलं, हर्शीने २००८ मध्ये मिल्क डड्सच्या आवरणातलं कोको बटर काढून वनस्पती तेल आणलं, अमेरिकेतल्या नियमाने तसं केल्यावर त्याला मिल्क चॉकलेट म्हणता येत नाही, म्हणून डब्यावरचा मजकूरही बदलला. आणि हा मुलगा बोटीवर लागला २०१४ ला. त्याने कोको बटरवाली मिल्क डड्स कधी खाल्लीच नव्हती. त्याच्या आठवणीतली चव मुळातच वनस्पती तेलाची. बारसं त्याच्या मुलीचं, आठवण त्याची, माझी आवड तिथे लादण्याचा मला अधिकार नव्हता. कंपाऊंड घेतलं, त्यात थोडी कोको पावडर आणि मीठ वाढवलं, आणि डब्यावरच्या चिठ्ठीत चॉकलेट न लिहिता ‘कोको कंपाऊंडचं आवरण’ असं स्पष्ट लिहिलं. याबाबतीत मी ठाम आहे, लोक विश्वासाने खातात, जे आहे तेच लिहायचं.

कारखान्यात अशा गोळ्या फिरत्या ढोलात घोळवून त्यांच्यावर थरावर थर चढवतात आणि शेवटी चमक यायला लाखेचं पाणी देतात, लाख म्हणजे आपल्या बांगड्यांची तीच. माझ्याकडे ढोल नाही. मी प्रत्येक तुकड्याच्या बुडाला आधी ब्रशने एक थर लावला, तो वाळू दिला, मग काट्याने पूर्ण बुडवला, वाळल्यावर परत एकदा. सहाशे नग, तीन हात, म्हणजे अठराशे वेळा. जाऊबाई आणि शेजारची एक मुलगी मदतीला होत्या म्हणून तीन दिवसांत झालं. कडक व्हायला फ्रिज नाही, त्याच खोलीत २४ डिग्रीवर, कंपाऊंड दहा-पंधरा मिनिटांत धरतं. मग प्रत्येक नग पिळाच्या कागदात. एक्लेअर्स आपल्याकडच्या पावसात टपरीवरच्या बरणीत इतकी वर्षं टिकून का आहेत याचं उत्तर निम्मं त्या कागदात आहे आणि निम्मं चॉकलेट आत सुरक्षित असण्यात.

डबे बारशाच्या आदल्या संध्याकाळी दिले. आधीच्या वाया गेलेल्या घाण्यांचे पैसे मी घेतले नाहीत, त्या मुलाने द्यायचा आग्रह केला तरी. हॉलमधला एकही डबा परत आला नाही, काकींनी नंतर पाळण्याच्या फोटोसोबत रिकाम्या डब्याचा फोटो पाठवला.

सहा नग मी मुद्दाम ठेवले होते, तीन हवाबंद डब्यात आणि तीन नुसत्या कागदात स्वयंपाकघराच्या फळीवर. तिसऱ्या दिवशी सहाही ठीक. सातव्या दिवशी फळीवरच्या एकाचा कागद चिकटला. बाराव्या दिवशी फळीवरचे तिन्ही चिकट आणि एकाच्या कोपऱ्यातून थेंब बाहेर, कोपऱ्यावर आवरण पातळ बसतं, तिथेच. डब्यातले तिन्ही तसेच्या तसे, एक चावून बघितला, ओढ होती, दूध होतं, मीठ होतं. म्हणून आता पावसाळ्यातल्या मालावर मी दहा दिवसच लिहिते आणि डबा उघडल्यावर घट्ट बंद करा असं सांगते.

मागच्या आठवड्यात काकींच्या बहिणीचा फोन आला, तिला चवथीला हेच हवंय पण साखरेऐवजी माडाच्या गुळाचं. चव काय येईल याची कल्पना करूनच मला ते करावंसं वाटतंय. पण आईंनी गुळाचा डबा उघडून दाखवला, जूनमध्ये कोरडा भरलेला गूळ कडेने पाझरत होता. गुळात पाणी ओढणारी साखर आणखी जास्त असते. मी तिला सांगितलं, तुळशीच्या लग्नानंतर देते, तोवर हवा कोरडी होईल.